"तू नुसते ओठ हलव" : नाताळची गाणी आणि वर्गातलं समूहगान



डिसेंबर लागला की प्राथमिक शाळांत दोन गोष्टींची घाई सुरू होते. एक, दिवाळीच्या सुट्टीनंतर मागे पडलेला अभ्यासक्रम गाठायचा आणि दुसरी, स्नेहसंमेलनाची तयारी. त्यात समूहगीत असतंच. चाळीस-पन्नास मुलं उभी करायची, पेटी काढायची किंवा मोबाईलवर तयार ट्रॅक लावायचा. दोन दिवसांत कुणाच्या तरी लक्षात येतं की तिसऱ्या रांगेतलं एक मूल सुरात नाही. मग त्याला बाजूला घेऊन हळूच सांगितलं जातं, "तू गाऊ नकोस हं, नुसते ओठ हलव." सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण ते मूल पुढे जन्मभर "मला गाता येत नाही" असं सांगत राहतं. तुमच्या स्टाफरूममध्ये विचारून बघा, असे दोन-तीन जण नक्की निघतील.

या लेखात मी नाताळच्या गाण्यांबद्दल, म्हणजे कॅरोलबद्दल लिहिणार आहे. समूहात गायचं कसं, हे मी या गाण्यांतून शिकले आणि तेच आता माझ्या वर्गात वापरते. तेव्हा थोड्या आठवणी येतील, थोडी माहिती येईल आणि वर्गात करून बघण्यासारखं काही येईल.

आधी शब्द पाहू. 'नाताळ' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला. त्यांच्या 'नाताल'चं मूळ लॅटिनमध्ये आहे आणि अर्थ आहे 'जन्माचा'. 'कॅरोल'ची गोष्ट याहून गमतीची. जुन्या फ्रेंचमध्ये 'कारोल' म्हणजे हातात हात धरून, गोल फिरत केलेला नाच. एकाने कडवं म्हणायचं आणि रिंगणातल्या सगळ्यांनी ध्रुवपद उचलायचं. भोंडला आठवला ना? पाटावर हत्ती, भोवती फेर, आणि गाणं सांगणारी एक कुणीतरी मोठी बाई. भजनात बुवा अभंग सांगतात आणि टाळकरी ध्रुवपद धरतात, तीही हीच रीत. कॅरोल ही मुळात अशी लोकांची, फेर धरायची गाणी. ध्रुवपद फिरून फिरून येतं, त्यामुळे वाचता न येणाऱ्यालाही दोन फेऱ्यांत गाणं येऊ लागतं. पहिली-दुसरीच्या वर्गाला याहून सोयीचं काय असणार?

आता माझी ओळख या गाण्यांशी कशी झाली ते सांगते. मी वाढले शीवला. शीव म्हणजे वेस, सीमा. मुंबई बेट इथे संपायचं आणि खाडीपलीकडे साष्टी सुरू व्हायची, म्हणून तर इंग्रजांनी सतराव्या शतकात इथल्या टेकडीवर किल्ला बांधला. वेशीवरच्या गावात असतात तशी इथे सगळ्या मुलुखांतली माणसं. आमच्या इमारतीत मराठी, तमिळ, गुजराती घरं होती, फाळणीनंतर कोळीवाड्याकडे येऊन राहिलेल्यांपैकी एक पंजाबी कुटुंब होतं आणि तळमजल्यावर एक ईस्ट इंडियन कुटुंब. ईस्ट इंडियन म्हणजे पूर्व भारतातले नव्हेत बरं का! मुंबई, साष्टी, ठाणे, वसई या पट्ट्यातले हे मूळचेच रहिवासी, मराठीची बोली बोलणारे कॅथलिक. १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी त्यांनी हे नाव घेतलं. कामधंद्यासाठी मुंबईत आलेल्या गोव्याच्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपली ओळख वेगळी राहावी, हा त्यामागचा एक हेतू.

तळमजल्यावरच्या आंटी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इमारतीतली सगळी पोरं गोळा करायच्या. साधारण पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही बारा-तेरा जण असू, त्यात ख्रिस्ती चारच. आईची हरकत नव्हती, "स्वेटर घालून जा" एवढीच अट. मुंबईच्या थंडीत स्वेटर, पण तो हट्ट सगळ्यांच्याच आयांचा असायचा.

शिकवायला आंटींचे दीर यायचे. ते चर्चच्या गायकवृंदात गात, गिटारही वाजवत. आम्ही त्यांना नुसतं 'सर' म्हणायचो. त्याआधी शाळेच्या एका समूहगीतात मला ओठ हलवायला सांगून झालं होतं, त्यामुळे इथेही मी पहिल्या दिवसापासून इमानदारीने नुसते ओठ हलवत होते. तिसऱ्या दिवशी सरांनी गाणं मध्येच थांबवलं आणि विचारलं, "कोण श्वास घेत नाहीये?" गाणाऱ्याला ओळ संपली की श्वास घ्यावाच लागतो, ओठ हलवणाऱ्याला गरजच नसते. खांदे बघून त्यांनी बरोबर ओळखलं होतं. पण माझं नाव घेतलं नाही की काही बोलले नाहीत. फक्त मला उचलून दोन मोठ्या मुलींच्या मधे उभं केलं आणि सगळ्यांना एक नियम सांगितला. शेजारणीचा आवाज ऐकू येत नसेल तर तू फार मोठ्याने गातेयस, आणि स्वतःचाच ऐकू येत नसेल तर फार हळू.

समूहगानाबद्दल मी पुढे जे काही वाचलं, ऐकलं, त्यात या दोन वाक्यांपेक्षा कामाचं मला काही सापडलेलं नाही. पहिले चार-पाच दिवस मी बहुतेक वेळ ऐकतच होते. मग दोन्हीकडच्या आवाजांच्या मधे माझा आवाज कधी जाऊन बसला ते कळलंही नाही.

२० तारखेच्या सुमाराला आम्ही घरोघर निघायचो. हातात टॉर्च आणि मेणबत्त्या, एक गिटार आणि आंटींच्या घरातलं जुनं घुमट. मातीच्या मडक्याला कातडं बसवलेलं हे वाद्य गोव्यात वाजतं तसंच ईस्ट इंडियन लग्नांतही वाजतं. ख्रिस्ती घरांत कलकल आणि नेवऱ्या मिळायच्या (नेवरी म्हणजे आपल्या करंजीची बहीणच), इतर घरांत जे असेल ते. तमिळ पाटी आम्हाला मुरुक्कू द्यायच्या आणि एक गाणं पुन्हा म्हणायला लावायच्या. जिन्यात गायलो की आवाज घुमायचा आणि आम्ही आहोत त्याच्या दुप्पट असल्यासारखे वाटायचो. म्हणून आम्ही हटकून जिन्यातच गायचो.

२४ च्या रात्री शीवच्या अवर लेडी ऑफ गुड कौन्सेल चर्चमध्ये मिस्सा सुरू व्हायच्या आधी गायकवृंद कॅरोल म्हणायचा. आम्ही बाकीची मुलं आंटींबरोबर मागे उभी राहायचो. तिथे सरांनी सांगितलेली एक गोष्ट मी अजून वर्गात सांगते. नाताळच्या आधीच्या चार रविवारांच्या काळाला आगमनकाळ म्हणतात. या काळातल्या रविवारच्या मिस्सामध्ये 'ग्लोरिया' हे स्तुतिगीत गात नाहीत. ते राखून ठेवतात. नाताळच्या मिस्सामध्ये ते पहिल्यांदा सुटतं, घंटा वाजतात, सगळं चर्च गायला लागतं. गणपतीच्या आधीचे दिवस आणि मग पहिली आरती असं मुलांना सांगितलं की लगेच समजतं.

आता थोडं समूहगानाच्या रचनेबद्दल बोलू. आपलं संगीत एका धुनेचं. सगळे एकच स्वरावली गातात आणि सौंदर्य त्या एका रेषेच्या वळणांत असतं. पाश्चात्त्य गायकवृंदात मोठ्यांचे साधारण चार आवाज असतात : बायकांचे उंच सोप्रानो आणि खालचे आल्टो, पुरुषांचे उंच टेनर आणि खर्जातले बास. प्रत्येकाची ओळ वेगळी आणि चारही एकाच वेळी गायची. मुंबईत याची चांगली परंपरा आहे. व्हिक्टर परांजोती यांनी १९५० च्या दशकात स्थापन केलेला परांजोती अकादमी कोरस हा त्यातला नावाजलेला वृंद, पुढे त्याची धुरा कूमी वाडिया यांनी कित्येक वर्षं सांभाळली. आपल्याकडेही संगीतकार वसंत देसाई यांनी हजारो शाळकरी मुलांकडून एका वेळी समूहगीतं गाऊन घेतली होती. प्राथमिकच्या वर्गात मात्र चार आवाजांची काळजी नको. मुलग्यांचा आवाज फुटायला बारा-तेरा वर्षं व्हावी लागतात. तोपर्यंत मुलगा-मुलगी सगळे जवळपास एकाच पट्टीत गातात.

आणि खरी गडबड या पट्टीतच असते. "हे मूल बेसूर आहे" असं आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा ते मूल बेसूर नसतं, गाणं त्याच्या आवाजाबाहेर असतं. शिक्षक स्वतःच्या पट्टीत सुरू करतात किंवा मोबाईलवरचा ट्रॅक मोठ्या माणसाच्या आवाजाचा असतो. खालचे स्वर मुलांना लागत नाहीत, मग ती बोलल्यासारखी गातात. वरचे लागत नाहीत, मग ती ओरडतात. त्यातून स्पीकर मोठा असला की मुलांना ना शेजाऱ्याचा आवाज ऐकू येतो ना स्वतःचा. सरांचे दोन्ही नियम एका फटक्यात मोडतात. माझं स्पष्ट मत आहे, सरावाला ट्रॅक लावूच नये. पेटी, तानपुऱ्याचं ॲप, नाहीतर काहीच नको.

म्हणून गाणं निवडताना आधी ते किती स्वरांत फिरतं ते बघावं. 'जिंगल बेल्स'चं ध्रुवपद सा ते प, एवढ्या पाचच स्वरांत आहे. पहिलीतलं मूलही ते गाऊ शकतं ते यामुळेच. पांढरी दोन किंवा काळी दोनचा सा धरा, वर्गातल्या जवळपास सगळ्यांना जमेल. (हे गाणं जेम्स लॉर्ड पिअरपाँट या अमेरिकन माणसाने १८५७ मध्ये प्रसिद्ध केलं आणि त्यात नाताळचं नावसुद्धा नाही! बर्फावरून घोड्याची घसरगाडी पळवायची मजा, एवढाच विषय.)

'जॉय टू द वर्ल्ड' ऐकून बघा. सुरुवात म्हणजे तार सा पासून मध्य सा पर्यंत सरळ उतरत आलेला बिलावल थाटाचा अवरोह. सगळं गाणं एका सप्तकात बसतं. मुलांना अवरोह शिकवायचा तर आधी हे ऐकवावं आणि मग पेटीवर बोट ठेवून दाखवावं. शब्द आयझॅक वॉट्स यांचे, १७१९ चे. बायबलातल्या ९८ व्या स्तोत्रावरून त्यांनी ते रचले, तेही काही खास नाताळासाठी नव्हेत.

'सायलेंट नाइट' मात्र जपून घ्यावं. ते ऐकायला साधं आणि गायला अवघड आहे, कारण मध्य सा पासून तार म पर्यंत जातं, म्हणजे एक सप्तक आणि वर आणखी चार स्वर. सा पांढरी एकचा धरला तर सर्वांत वरचा स्वर वरची पांढरी चार होतो. तिसरी-चौथीच्या पुढेच ते घ्यावं, आणि वरची ओळ ज्यांना सहज जमते त्यांनीच म्हणावी, बाकीच्यांनी मिटल्या ओठांनी 'म्' धरावा. पण घ्यावं नक्की. योझेफ मोर या पाद्र्याने १८१६ मध्ये कविता लिहिली, फ्रान्झ ग्रुबर या गावातल्या शाळामास्तराने तिला चाल लावली आणि २४ डिसेंबर १८१८ ला ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फच्या चर्चमध्ये गिटारच्या साथीने ते पहिल्यांदा गायलं गेलं. हो, चाल लावणारा आपल्यातलाच, एक प्राथमिक शिक्षक! चाल सहा मात्रांची, झुलती. आमच्या वर्गात मी ती शब्दांशिवाय गुणगुणली आणि विचारलं, हे कुठलं गाणं असेल? एक मुलगी म्हणाली, "बाई, पाळणा." रामनवमीला, शिवजयंतीला, बारशाला आपण पाळणा म्हणतो, तसाच हा. दादऱ्याचा ठेका लावा, फार गोड वाटतं. पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या नाताळात समोरासमोरच्या खंदकांतल्या सैनिकांनी बंदुका खाली ठेवून कॅरोल गायली, त्यांत हाही पाळणा होता.

'लिटल ड्रमर बॉय'मध्ये ढोलाचे बोल पुन्हा पुन्हा येतात. कॅथरीन डेव्हिस या अमेरिकन संगीतशिक्षिकेने १९४१ मध्ये ते लिहिलं. अर्ध्या वर्गाने गाणं म्हणायचं आणि अर्ध्याने फक्त ढोल तोंडाने वाजवायचा. दोन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी चालू ठेवायच्या आणि तरी एकत्र राहायचं, याचा तो पहिला धडा. यातून मुलं पुढे दोन आवाजांत गायला तयार होतात.

"पण हे सगळं इंग्रजी झालं," असं कुणी म्हणेल. मराठीत ही परंपरा फार जुनी आहे, आपल्याला तिची ओळख कमी, एवढंच. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्याला आला आणि त्याने 'ख्रिस्तपुराण' रचलं. १६१६ मध्ये ते छापून प्रसिद्ध झालं. सुमारे ११ हजार ओव्या आहेत आणि त्यात येशूच्या जन्माची कथाही अर्थातच आहे. म्हणजे ऑस्ट्रियातल्या त्या पाळण्याच्या दोनशे वर्षं आधी नाताळची कथा मराठी ओवीत आली होती! पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९). 'केवढे हे क्रौर्य' लिहिणारे, आपले फुलामुलांचे कवी. त्यांनी ख्रिस्ती भक्तिगीतं अभंगांच्या वळणाने लिहिली आणि ख्रिस्ती कीर्तनंही केली. मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांची गीतं आहेत आणि ती पेटी-तबल्यावर, टाळांवर गायली जातात. कॅथलिकांकडे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) लॅटिनऐवजी लोकभाषेत उपासना सुरू झाली, आणि वसईसारख्या भागात मराठी गायकवृंद उभे राहिले. तुमच्या शाळेजवळ एखादं मराठी चर्च असेल तर डिसेंबरात तिथल्या गायकवृंदाला शाळेत बोलवा. आनंदाने येतात.

पालकांचा एक प्रश्न दरवर्षी येतो आणि तो टाळू नये. "आमच्या मुलांनी ही गाणी का म्हणायची?" राज्यघटनेच्या २८ व्या कलमाप्रमाणे शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत कुठल्याही मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक उपासनेला बसवता येत नाही. गाणं शिकणं आणि उपासना करणं यांत फरक आहे, पण पालकांना तो फरक आपण आधी समजावून सांगायला हवा. मी नोव्हेंबरच्या पालकसभेत गाणी, त्यांचा अर्थ आणि कारण सांगून टाकते. कुणाला नको असेल तर ते मूल ढोल वाजवतं, त्यात त्याला वगळल्यासारखं वाटत नाही. आपण आषाढीला दिंडी काढतो, ईदला शिरखुर्म्याची गोष्ट सांगतो, रोज साने गुरुजींची प्रार्थना म्हणतो. हे एकदा शांतपणे मांडलं की माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त शंका तिथेच विरतात. उरलेल्या शंकांचा मान ठेवावा.

आता ओठ हलवणाऱ्या मुलाकडे येऊ. अशा मुलाला आधी सा धरायला द्यावा. एका गटाने गाणं म्हणायचं आणि पाच-सहा जणांच्या दुसऱ्या गटाने तानपुऱ्यासारखा फक्त सा लावून ठेवायचा. एकच स्वर, घाई नाही, शब्द विसरायची भीती नाही. गटात दोन पक्क्या आवाजाची मुलं ठेवा आणि हे मूल त्यांच्या मधे. एक कान हाताने झाकायला सांगा, म्हणजे त्याला स्वतःचा आवाज आतून ऐकू येतो. स्वर लागला की ते त्याच्या चेहऱ्यावर दिसतं, सांगावं लागत नाही. गेल्या वर्षी माझ्या तिसरीच्या वर्गातला एक मुलगा आठ दिवस सा च्या खालीच कुठेतरी घुटमळत होता. नवव्या दिवशी मी पट्टी दोन स्वरांनी खाली आणली आणि तो टपकन जागेवर आला. त्यानंतर मधल्या सुट्टीत तो डबा खाताना सा लावायचा, आणि शेजारचे वैतागायचे.

सराव रोज दहा मिनिटांपेक्षा जास्त नको. मुलं थकली की ओरडतात. उभं राहून, खांदे सैल सोडून, आणि रांगा दर दोन दिवसांनी बदलून घ्याव्यात, म्हणजे प्रत्येकाला नवा शेजारी ऐकावा लागतो. पालकांनी घरी एवढंच करावं. मूल गुणगुणत असेल तेव्हा "नीट गा" म्हणू नये. जमलं तर आपणही त्याच्याच पट्टीत, त्याचा आवाज ऐकू येईल इतक्याच हळू, बरोबर गावं. पोळ्या लाटताना चालेल.